मॅच संपेपर्यंत उठायचं नाही

मुलाच्या घरी फुटबॉलची मॅच लागली की मला मटार सोलायला बसावं लागायचं.

वाचून कुणाला वाटेल, काय बाई हा मुलगा, आईला कामाला जुंपतो. तसं काही नव्हतं. नुसतं सोलायचं असतं तर ओट्यापाशी उभी राहून चहा उकळेपर्यंत मी ते उरकलं असतं. इथे जागा ठरलेली होती. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराजवळची वेताची खुर्ची, मांडीवर परात, पायाशी शेंगांची पिशवी. आणि मॅच संपेपर्यंत उठायचं नाही. पाणी हवं तर आणून मिळेल, शाल हवी तर अंगावर घातली जाईल, बाथरूमला जायचं ते हाफटाइममध्ये.

हे खूळ सुरू झालं डिसेंबरात. मुलाची लाल टीम त्या दिवशी सडकून मार खात होती. (टीमची नावं मी घेणार नाही. एकदा नातेवाइकांच्या ग्रुपवर चुकीचं नाव लिहिलं तर मुलाचा ऑफिसातून फोन आला होता.) मी आपली कंटाळून शेंगांची पिशवी घेऊन त्या खुर्चीत येऊन बसले, आणि बसल्याबसल्या लालवाल्यांनी एक गोल मारला. मग दुसरा. मग तिसरा. मुलगा माझ्या पाया पडायचा बाकी राहिला. पुढच्या मॅचला मी आत नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होते, तर लालवाले हरले. त्याच्या पुढच्या मॅचला मला हाताला धरून खुर्चीत आणलं, हातात शेंग दिली, आणि जिंकले. झालं! शिक्कामोर्तब. एवढा शिकलेला मुलगा, गुरुग्रामच्या त्या काचेच्या टॉवरमध्ये बसून परदेशातल्या लोकांना सल्ले देतो, पण आईच्या मटारांवर इंग्लंडमधली टीम जिंकते यावर त्याचा पक्का विश्वास.

बरं, सोलायचं तेही त्यांच्या गतीनं. माझा हात भराभर चालतो. "आई, सावकाश, अजून हाफटाइम व्हायचाय," म्हणून मुलगा ओरडायचा. शेंगा संपत आल्या की सून फोनवरून आणखी किलोभर मागवायची आणि दहा मिनिटांत पिशवी दारात. सून मराठीच, पण दिल्लीत वाढलेली. परात हा शब्द तिनं माझ्याकडून शिकला. आधी ती 'वो बडी वाली थाली' म्हणायची. गुणी मुलगी आहे. फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशव्या इतक्या झाल्या की बर्फाचा ट्रे ठेवायला जागा उरली नाही. आम्ही उसळ खाल्ली, पुलाव खाल्ला, करंज्या खाल्ल्या, पराठे खाल्ले. शेवटी सून म्हणाली, "आई, आता मला स्वप्नात हिरवं दिसतं."

हसू येतं ना? मलाही यायचं. पण त्या खुर्चीत बसून माझा जीव गुदमरायचा, हेही तितकंच खरं.

मी आले होते पंधरा दिवसांसाठी. पावसाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आमचं घर दिल्लीतल्या द्वारकेला. सरकारी नोकरीतल्या लोकांनी मिळून बांधलेली जुनी सोसायटी आहे. मी आणि आमचे हे, दोघंही मंत्रालयातल्या नोकरीत, दोघांच्या पगारातून तो फ्लॅट उभा राहिला. हे गेल्यावरही मी तिथे एकटी राहत होते, छान राहत होते. मुलगा फोनवर म्हणाला, ऑपरेशननंतर ड्रॉप्स कोण घालणार, पंधरा दिवस इकडे ये, मग मी तुला सोडतो. मी एक बॅग भरली. उन्हाळी साड्या भरल्या, कारण पंधरा दिवसांत थंडी थोडीच पडते.

थंडी पडली. स्वेटर सुनेनं नवा आणला.

आधी डॉक्टरांची पुन्हा तपासणी होती. मग मी बाथरूममध्ये पाय घसरून आपटले. हाड मोडलं नाही, कंबर धरली. मग दिवाळी. मग ती धुराची हवा, खिडकी उघडायची सोय नाही. मग थंडी. दर वेळी "आई, एवढं होऊ दे, मग जाऊ." मी जरा जोर करून विषय काढला की साहेबांची मीटिंग सुरू व्हायची, कानात ते गोळे घातले की माझ्या बोलण्याचा संबंध संपला.

मुलाचं घर गुरुग्रामलाच, एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. खाली बघितलं की माणसं दिसत नाहीत, नुसत्या गाड्यांची टपं. कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी. लिफ्टला कार्ड लागतं, ते सुनेच्या पर्समध्ये. एकदा मी तिच्याकडून कार्ड मागून घेतलं आणि खाली उतरले, म्हटलं गेटबाहेर जाऊन चार केळी आणावीत. गेटवरच्या गार्डनं अदबीनं विचारलं, "आंटीजी, कहाँ जाना है?" आणि मी रस्त्याच्या कडेला पोचते न पोचते तोच मुलाचा फोन. "आई, तू बाहेर कुठे निघालीस?" गार्डनं त्याला विचारलं होतं. माझ्या काळजीपोटीच, कबूल. पण मी चाळीस वर्षं दिल्लीच्या बसमधून लोंबकळत नोकरी केलेली बाई, आणि केळ्यांसाठी मला परवानगी! त्या दिवशी मी केळी न घेताच परत आले आणि खोलीचं दार लावून रडले. रागानं रडले, उगाच कुणी कीव करू नये.

मेट्रोनं द्वारकेला जायचं तर आधी पार आत दिल्लीत जायचं आणि गाडी बदलून परत बाहेर यायचं. नव्या डोळ्यांनी आणि धरलेल्या कंबरेनं तेवढं झेपलं नसतं. टॅक्सी मागवायची तर ते सगळं मुलाच्या फोनवर. गाडीनं म्हणाल तर अर्धा-पाऊण तासाचा रस्ता. एवढं जवळ घर, आणि मी काही तिथे पोचू शकत नव्हते.

जानेवारी सरत आला तेव्हा एका संध्याकाळी मुलगा माझ्या पलंगावर येऊन बसला. म्हणाला, "आई, द्वारकेचं घर बंद राहून खराब होतंय. भाड्यानं देऊ या. माझ्या ऑफिसातला एक मित्र आहे, त्याची बायको एअरपोर्टवर नोकरीला आहे. त्यांना ते घर सोयीचं पडेल. माणूस एकदम सज्जन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी एवढंच म्हणाले, "बघू."

आमच्या घरात बघू म्हणजे नाही. याचे वडीलही तसंच म्हणायचे, आणि हा लहानपणी बघू ऐकलं की पाय आपटायला लागायचा. पण त्याला आता ते सोयीस्करपणे आठवलं नाही. चार दिवसांनी सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही हो म्हणालात? तो रविवारी किल्ली घ्यायला येतोय."

रविवारी म्हणजे त्या मोठ्या मॅचला. लाल आणि निळे, दोघं एकाच गावचे, आणि त्यांचं हाडवैर म्हणे शंभर वर्षांचं. हा भाडेकरू मित्र निळ्यांचा. निळा स्वेटर, निळी टोपी घालूनच आला, म्हणून मी मनातल्या मनात त्याला निळा म्हणायला लागले. आमच्याच टॉवरमधले आणखी दोघं आले, ते लाल. निळ्यानं येताना मला वाकून नमस्कार केला, मिठाईचा डबा दिला, "आंटीजी, आपका घर बिल्कुल अपने घर जैसा रखेंगे" म्हणाला. राग करावा असं त्या बिचाऱ्यात काही नव्हतं. त्यामुळे मला आणखीच राग आला.

"मॅच झाली की किल्ली देऊन टाकू, आई," मुलगा म्हणाला. "उद्या तो रंगवाल्याला घेऊन जाईल."

"रंग? भिंतींना काय झालंय?"

"अगं, नवा माणूस राहायला येणार म्हटल्यावर... चल, तू बस. सुरू होतंय."

मी बसले. परात, शेंगा, शाल. किल्ली माझ्या कापडी बटव्यात होती आणि बटवा मी मांडीखाली घेतला होता. बसल्यावर ती टोचत होती, पण मी ती सरकवली नाही. आमच्या द्वारकेच्या हॉलच्या भिंतीवर मुलाची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. ह्यांनी दर वाढदिवसाला मारलेल्या. त्या रंगाखाली जाणार, हे मला शेंगेगणिक दिसत होतं, आणि उठायची सोय नव्हती.

पहिल्या अर्ध्यात लालवाल्यांनी गोल मारला. सोफ्यावरून सगळे उडाले, सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. मुलानं माझ्याकडे बघून हात जोडले. "आई, तुझे पाय धुऊन प्यायला हवेत."

"पाय नको धुऊस. मला घरी सोड," मी म्हणाले.

"हो हो, जाऊ गं." डोळे टीव्हीवर.

हाफटाइममध्ये मी बाथरूमला जाऊन आले. परत आले तर खुर्चीची जागा जराशी हलली होती, म्हणून टॉवरमधल्या एकानं फोनमधला आधीचा फोटो उघडून ती पुन्हा जुळवली. शप्पथ. मी हात टेकले. वेड्यांच्या बाजारात सापडले होते, आणि त्या बाजारातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मीच.

दुसऱ्या अर्ध्यात शेंगा संपत आल्या, मॅचही संपत आली, आणि निळ्यांनी गोल मारला. निळा एकटाच नाचायला लागला. बाकीच्यांचे चेहरे तोंडात मारल्यासारखे. तेवढ्यात टीव्हीवरच्या पंचानं कानाला हात लावला आणि खेळ थांबला. आता आतल्या खोलीत बसलेले दुसरे पंच व्हिडिओ बघून ठरवणार होते की गोल मारणारा ऑफसाइड होता का.

झालं, हॉलमध्ये कुरुक्षेत्र.

"कंधा बाहर है! साफ दिख रहा है!" टॉवरमधला एक.

"कंधा नहीं, आस्तीन है. आस्तीन से कोई गोल मारता है क्या?" निळा.

"लाइन तो देख!"

"लाइन किसने खींची? तेरे मामा ने?"

टीव्हीवर चित्र पुढे जायचं, मागे यायचं, थांबायचं. एक माणूस चेंडू मारतोय, दुसरा लांब पुढे पळतोय. आता भांडण लागलं ते चेंडू पायातून नक्की कधी निघाला यावर. मुलानं रिमोट घेतला आणि पुढं-मागं करत एका ठिकाणी थांबवलं.

"ये देख. यहाँ बॉल छूटा. और यहाँ तेरा बंदा आगे खडा है."

"अबे, बॉल अभी पैर से चिपका हुआ है! एक फ्रेम पीछे जा. पीछे तो वो लाइन में था."

"चिपका नहीं है!"

"चिपका है!"

माझं काम आधीच थांबलं होतं. परातीत मटार भरून वाहत होते, आणि मुलगा घसा फोडून ओरडत होता. मी विचारलं, "अरे, पण हे ऑफसाइड म्हणजे काय असतं नेमकं?"

एरवी तो "नंतर सांगतो" म्हणाला असता. पण हाच मुद्दा त्याला निळ्याच्या गळी उतरवायचा होता, म्हणून तो माझ्याकडे वळला आणि मोठ्यानं मराठीत समजावायला लागला. "हे बघ आई. समोरच्या टीमचे सगळे मागे राखायला उभे असतात ना, त्यांच्या पलीकडे जाऊन आधीच उभं राहायचं नाही. पण ते बघायचं कधी? आपल्या माणसानं बॉल मारला, तो पायातून सुटला, तेव्हा. फक्त तेव्हा! नंतर कोण कुठे पळालं, काय झालं, ते धरायचंच नाही. काहीही झालं तरी नाही."

"नंतरचं काहीच धरायचं नाही?"

"काहीच नाही. सुटताना कोण कुठे होतं, एवढंच खरं."

"असं होय," मी म्हणाले. आणि उठून उभी राहिले.

काय सांगू! परातीतले मटार फरशीवर टपटप सांडले आणि चार माणसं एकदम किंचाळली. "आंटीजी, बैठिए!" "आई, बस! काय करतेस? निकाल यायचाय!"

"बसते," मी म्हणाले. "पण आधी माझा निकाल लाव. तो रिमोट घे आणि जरा मागे ने. पार पावसाळ्यात ने. मी घरून निघाले तेव्हा काय ठरलं होतं?"

त्याच्या हातून रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि थांबलेलं चित्र पुढे चालू झालं.

निळ्याला कळावं म्हणून मी हिंदीत सांगितलं. माझी हिंदी सरकारी आहे, टिप्पणी लिहिल्यासारखी, पण काम झालं. सांगितलं की मी आले तेव्हा पंधरा दिवसांचं बोलणं होतं. घर माझं आहे. भाड्यानं द्यायला मी हो म्हटलेलं नाही. माझी किल्ली इथे माझ्यापाशी आहे, आणि मला घरी जायचं आहे.

टीव्हीवर तेवढी ती रेघ थरथरत होती.

"आई, तेव्हाची गोष्ट वेगळी होती," मुलगा पुटपुटला. "नंतर तू बाथरूममध्ये पडलीस. मग..."

"नंतरचं धरायचं नाही. आत्ता तूच ओरडत होतास."

"अगं, पण पडलीस ना! तिथे एकटी असताना पडली असतीस तर?"

"मी पडले कुठे? इथे पडले. तुझ्या त्या काचेसारख्या गुळगुळीत फरशीवर. द्वारकेच्या बाथरूममध्ये मी पंचवीस वर्षांत एकदा घसरले नाही!"

सुनेनं रिकाम्या कपांचा ट्रे परत टेबलावर ठेवला. ती मुलाकडे वळली. "मी होते तेव्हा फोनवर. पंधरा दिवसच म्हणाला होतास तू."

निळ्यानं डोक्यावरची टोपी काढली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. "भाई," तो म्हणाला, "इसमें तो कोई लाइन खींचने की भी जरूरत नहीं है. आंटीजी सही हैं."

आणि नेमका तेव्हाच टीव्हीवर पंचानं मधल्या वर्तुळाकडे बोट केलं. गोल धरला. ऑफसाइड नव्हता. निळ्याच्या टीमनं बरोबरी साधली आणि निळा काही नाचला नाही. टॉवरमधल्या एकानं मात्र कपाळाला हात लावला. "आंटीजी खडी हो गयीं ना..."

मुलानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं.

निळा निघाला तेव्हा दारात थांबून म्हणाला, "आंटीजी, मुझे सच में पता नहीं था. इसने बोला था आप अब यहीं रहेंगी." त्यानं किल्लीचं नाव काढलं नाही. मी त्याच्यासोबत मटारांची एक पिशवी दिली. दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ होतं काय?

सगळे गेल्यावर मुलगा गुडघ्यावर बसून सोफ्याखालचे मटार गोळा करत होता. मीही खाली वाकायला लागले तर म्हणाला, "तू नको, कंबर." मग खाली मान घालूनच म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललीस."

"एकट्याला सांगते तेव्हा कानात गोळे घालतोस."

त्यानं एक मटार उचलून परातीत टाकला. "बाबांच्या वेळी तुझा फोन आला आणि मी लगेच निघालो. टोलवर अडकलो. मागे गाड्या, पुढे गाड्या. हॉर्न वाजवत बसलो नुसता. तू एकटी होतीस तिथे, आई. मी पोचलो तेव्हा शेजारच्यांनी चादर घातलेली होती." आता तो रडत होता, मिशा आलेला माझा मुलगा, हातात मटार घेऊन. "मला तसा फोन परत नकोय. तू इथे खुर्चीत असलीस की मला दिसतेस. बस्."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. माझं काळीज तुटलं. मनात आलं, राहू दे, नको जायला. इतके महिने मला वाटत होतं की यानं मला कोंडून ठेवलंय, आणि हा तर अजून त्या टोलवरच अडकून बसला होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ झालेत, बापाच्या वळणावर गेलाय.

पण मी राहते असं म्हटलं नाही. म्हणाले, "भीती मलाही वाटते रे. तिथे ह्यांच्या पलंगाकडे रात्री बघवत नाही. पण इथे मी दिवसभर तुमची वाट बघत घाबरते. तिथे माझ्या घरात, चार कामं करत घाबरेन. मला तेवढं तरी माझं राहू दे."

त्यानं नाक पुसलं. "रोज फोन करशील?"

"तू कर. मी उचलेन."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि मला सोडलं. टोल लागला तेव्हा दोघंही बोललो नाही. सुनेनं गोठवलेल्या मटारांच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या होत्या. घर उघडलं तर धुळीचा वास, नळाला आधी लाल पाणी, डोक्यावरून विमान. शेजारची बंगाली बाई धावत आली आणि गळ्यात पडली. मुलानं बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला, माझ्या फोनवर टॅक्सी मागवायला शिकवलं. जाताना हॉलच्या भिंतीपाशी थांबला, पेन्सिलीच्या सगळ्यात वरच्या रेघेला पाठ लावून उभा राहिला आणि हसला. त्या रेघेच्या वीतभर वर डोकं गेलं होतं त्याचं. मग खाली गेला. गाडी वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते. तिसरा मजला आहे आमचा, माणसं नीट दिसतात.

त्याच्या टीमचे दिवस मग फिरलेच. दर आठवड्याला फोनवर रडगाणं. सून म्हणाली, खुर्ची तिथेच ठेवलीय आई, कुणाला बसू देत नाही.

परवा एप्रिलात लाल आणि निळ्यांची परत गाठ होती, या वर्षाची शेवटची. तिन्हीसांजा होत आल्या होत्या, मी कुकर लावायच्या बेतात, आणि फोन वाजला. मागे हॉलमधला तोच गलका. निळ्याचा आवाज ओळखू आला, "आंटीजी को मेरा भी नमस्ते बोल!"

"आई," मुलगा म्हणाला, जरा लाजतच, "बसलीस का?"

"कुठे बसू?"

"खुर्चीत गं. कुठल्याही. सुरू होतंय."

"अरे, इथून कसं चालेल?"

"चालेल. तू बस फक्त." मग आवाज खाली आला. "मटार आहेत ना घरात?"

त्या पिशव्या कधीच संपल्या होत्या. बाजारातून मटार गेले त्यालाही आता कितीतरी दिवस झाले, दिल्लीच्या उन्हात एप्रिलात कुठले मटार? त्यालाही ते ठाऊक असेल. नसेलही. त्याला भाजी कधी आणावी लागत नाही.

"आहेत," मी म्हणाले.

"सोलतेयस?"

"हो रे बाबा, सोलतेय. तू मॅच बघ."

"उठू नकोस हं, आई."

फोन ठेवला. गॅस बंद केला. फळीवरची परात काढली, पदरानं पुसली आणि ह्यांच्या खुर्चीत ती रिकामी परात मांडीवर घेऊन बसले. टीव्ही लावला नाही. लावला तरी मला काय कळणार होतं? बाहेर अंधारून आलं, खोलीतलं काही दिसेना, आणि मी त्याचा फोन येईपर्यंत दिवा लावायलासुद्धा उठले नाही.